हवा भरत राहिलेली टाकी

मोठा भाऊ गेला तेव्हा त्याच्या दुकानातला कॉम्प्रेसर चालू होता. मोटर फिरत नव्हती, पण भिंतीवरचं बटण चालू होतं. छातीत दुखतं म्हणून त्याला भरदुपारी दुकानातूनच दवाखान्यात नेलं. शेजारच्या चहाच्या हॉटेलवाल्याने शटर ओढून घेतलं. बटण बंद करायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुकान अकोल्यात, दर्यापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला. पुढे हवा-पंक्चरचं काम, मागे दोन खोल्या. त्या खोल्यांत भाऊ, वहिनी आणि त्यांचा मुलगा राहायचे. मुलगा पुढे चाकणला नोकरीला गेला. मी अमरावतीत एका दैनिकाच्या डेस्कवर होतो आणि तिथूनच निवृत्त झालो.

ज्यांनी असं दुकान आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी एवढं सांगतो. कॉम्प्रेसरला एक आडवी लोखंडी टाकी असते आणि तिच्या पाठीवर मोटर. मोटर टाकीत हवा भरते. टाकी भरली की आपोआप थांबते, दाब उतरला की आपोआप सुरू होते. मधे माणूस लागत नाही. दिवसभर टायर भरले जातात, दाब उतरतो, मोटर चालते. दुकान बंद असलं तरी एखाद्या सांध्यातून थोडी हवा गळत राहते. बटण चालू असेल तर ती गळलेली हवा मोटर केव्हा तरी भरून काढते.

अंत्ययात्रेहून परत आलो त्या संध्याकाळी हे पहिल्यांदा झालं. मागच्या खोलीत बायका वहिनीभोवती बसल्या होत्या. भिंतीपलीकडे मोटर सुरू झाली. बंद शटरआड, अंधाऱ्या दुकानात, काही मिनिटं ती धडधडली. मग शेवटी नेहमीसारखं फुस्स झालं आणि ती थांबली. वहिनी भिंतीकडे पाहत होती.  मी उठून बटण बंद करू शकलो असतो, पण माझ्याकडे पाहून वहिनीने मान हलवली. नको, असा त्याचा अर्थ होता.

आमचं घर बौद्ध. आजोबांच्या पिढीने धम्म घेतला. आत्मा, भूत, पिंड, कावळा यातलं काही उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचं नाही, हा घरचा नियम होता आणि तो पाळण्यात भाऊ सगळ्यांत कडक होता. गल्लीत कोणाच्या अंगात आलं की तो हातातलं काम टाकून बघायला जायचा आणि परत आल्यावर त्या बाईची नक्कल करून दाखवायचा.

पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्या माणसाच्या स्मरणाचा, कार्यक्रम दुकानातच झाला, कारण मागच्या खोल्यांत इतकी माणसं मावली नसती. टायर एका कडेला रचले, सतरंज्या अंथरल्या. भंतेजी अनित्यतेबद्दल बोलत होते. जे जुळून आलं ते सुटतं, मागे काही उरत नाही, अशा अर्थाचं काही सांगत असतानाच त्यांच्या पाठीशी असलेली मोटर सुरू झाली. भंतेजी थांबले. सगळे टाकीकडे पाहू लागले. मोटर आपल्या वेळेला थांबली. तेव्हा मागच्या रांगेतले भावाचे एक म्हातारे दोस्त म्हणाले, "जित्तेपणीबी असंच करे हा. कोणाचं भाषण रंगलं का मधात मशीन चालू."

माणसं हसली. भंतेजीही हसले आणि पुढे बोलू लागले. वहिनी हसली नाही.

त्यानंतर मी अधूनमधून अकोल्याला जात राहिलो. शटर खालीच होतं. वहिनी मागच्या दाराने ये-जा करायची. मोटर कधी दिवसाआड चालायची, कधी रोज. एकदा मी तिथे असताना ती सुरू झाली आणि थोड्या वेळाने बाहेर ट्रॅक्टर थांबला. आवाजावरून दुकान उघडं असल्याचं त्या ड्रायव्हरला वाटलं असावं. त्याने शटरवर थाप मारली.

"ओ मिस्त्री! हवा पायजे मागच्या चाकात. झोपले का?"

वहिनी मागच्या खोलीतून मोठ्याने म्हणाली, "घरी नाहीत. बाहेर गेले."

"मशीन तं चालू आहे न!"

"ते चालूच राह्यते."

ट्रॅक्टर गेला. मी वहिनीकडे पाहिलं. तिने तांदूळ निवडणं थांबवलं नव्हतं.

"वहिनी, हॉटेलवाला काही म्हणतो का?"

"म्हणते न. कोण हवा भरून राहिलं वो आतमंदी, म्हणे. आपोआप होते म्हटलं, तं त्यानं आपला बाकडा तिकडं सरकवला." मग ती म्हणाली, "आत्मा नसते हे मले माहीत आहे, भाऊजी. तुमच्या भावानंच शिकवलं. हे परत येते असं मी कधी म्हटलं का? मशीन सुरू होते, एवढंच म्हणतो मी. होते का नाही?"

"होते."

"मंग झालं."

पुतण्या चाकणहून सुटी घेऊन आला. दुकान भाड्याने द्यायचं त्याच्या मनात होतं आणि त्यात गैर काही नव्हतं. त्याने टाकी पाहिली, भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला आणि आईचा आवाज ऐकून थांबला.

"हात नको लावू त्याले."

"आई, अवं लाइट जळून राह्यला फुकट."

"जळू दे."

"काहून पण?"

"तुह्या बापानं लावलेलं बटण आहे ते. कोणी लावलं नाही त्याच्यामागून अन् कोणी बंद केलं नाही."

पुतण्या माझ्याकडे वळला. "काका, तुमी सांगा न इले."

मी सांगितलं नाही. तो परत गेला.

पावसाळा उलटला तेव्हा मोटर जास्त वेळा चालू लागली होती. हे वहिनीने मला फोनवर सांगितलं. पूर्वी दिवसाआड, आता दिवसातून दोन-तीनदा. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. कोणी पाहुणा अलीकडे वारंवार येऊ लागला आहे, असं सांगताना जो स्वर असतो तो होता.

मला मात्र त्यातून दुसरंच कळलं. इथे माझ्या छंदाबद्दल सांगणं भाग आहे. निवृत्तीनंतर मी जुन्या टाक्यांची वाद्यं करतो. फ्रिज दुरुस्त करणाऱ्यांकडे गॅसच्या छोट्या रिकाम्या टाक्या मिळतात. टाकीच्या एका तोंडाला जिभेच्या आकाराच्या पट्ट्या कापायच्या. प्रत्येक जीभ एका बाजूने टाकीला जोडलेली राहते. रबरी टोकाच्या काडीने मारलं की ती सूर देते. जीभ लांब कापली तर सूर खाली जातो, आखूड ठेवली तर वर. घंटेसारखा पण मऊ आवाज येतो आणि बराच वेळ टिकतो. या नादात टाक्यांबद्दल जे वाचावं लागतं ते मी वाचलं होतं.

हवा दाबली की तिच्यातला ओलावा पाणी होऊन टाकीच्या तळाशी बसतो. ते पाणी रोज काढायचं असतं. भाऊ सकाळी शटर उघडण्याआधी टाकीखालचा नळ सैल करून ते काढायचा. तो गेल्यापासून ते कोणी काढलं नव्हतं. पाणी साचलं तेवढी हवेची जागा कमी झाली होती, त्यात सांधाही सैल पडला असावा. म्हणून दाब लवकर उतरत होता आणि मोटर वारंवार चालत होती. तेच पाणी आतून पत्रा खात होतं.

पुढच्या खेपेला मी दुकानात जाऊन पाहिलं. जास्त दाब झाला तर हवा सोडून देणाऱ्या झडपेची कडी ओढली. ती गंजून घट्ट झाली होती. टाकी ज्या भिंतीला टेकून होती तिच्या दुसऱ्या बाजूला वहिनीची खाट होती.

टाकी फुटून माणूस गेल्याच्या बातम्या मी डेस्कवर असताना लावल्या आहेत. त्या एका कॉलमात बसतात. गाव, दुकान, मृताचं वय, पोलिसांत नोंद. पहिल्या पानावर सहसा येत नाहीत.

मी वहिनीला हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"म्हणजे पाणी झालं म्हणून जास्त चालून राह्यलं?"

"हो."

"बाकी काही नाही?"

"बाकी काही नाही."

तिने भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाली, "फुटली तं फुटली. माह्यावरच फुटीन न?"

"शटरही उडेल, वहिनी. रस्त्यावर जाईल."

सकाळी दुकानाच्या टिनाखाली शाळेची पोरं ऑटोची वाट पाहत उभी राहतात. पावसात आणि उन्हात त्यांना तेवढाच आडोसा. भाऊ असताना शाळेच्या पोरांच्या सायकलींत फुकट हवा भरली जायची, तेव्हापासूनची ती जागा. वहिनी उठून मागच्या दाराशी गेली आणि गल्लीकडे तोंड करून उभी राहिली.

"पोरं उभे राह्यते तिथं," ती म्हणाली. "हे बोलले असते मले. गाढव आहे म्हणाले असते." आणि मग, वळून, "भंगारात नाही द्यायची पण. भंगारवाला हातोडा मारून पायते आधी. ते मले नाही ऐकवल्या जाणार."

मी म्हटलं, मी नेतो. तिचं वाद्य करतो.

"तुमी टाक्या वाजवता हे खरं आहे का, भाऊजी? मले वाटलं तुमचा पुतण्या मजाक करते."

"खरं आहे."

"सारा जन्म पेपर लिहिला, आता ढोल बडवता." ती पहिल्यांदा थोडी हसली. "न्या मंग. पण पाणी मी काढतो. मले माहीत आहे कसं काढतेत ते."

आम्ही दोघं दुकानात गेलो. शटर अर्धं वर केलं. वहिनी टाकीशेजारी बसली, एका हाताने बादली खाली सरकवली आणि चिंधी गुंडाळून नळ फिरवला. आधी पाणी आलं. चहाच्या रंगाचं, तेलकट, गंजाचे कण असलेलं. बादली जवळजवळ भरली. मग पाणी तुटून थुंकल्यासारखं येऊ लागलं आणि त्यानंतर हवा आली. दुकानभर वास पसरला. तेलाचा, रबराचा, तापलेल्या लोखंडाचा. भाऊ काम आटोपून आत यायचा तेव्हा त्याच्याआधी हा वास आत यायचा.

टाकीवरच्या दाबाच्या मीटरचा काटा उतरत गेला. आणि मोटर सुरू झाली.

चूक माझी होती. आधी बटण बंद करायला हवं होतं, ते राहून गेलं होतं. दाब उतरला म्हणून यंत्राने आपलं काम केलं. खालून हवा बाहेर जात होती आणि वरून मोटर ती भरत होती. काटा एका जागी थरथरत थांबला. वरही जाईना, खालीही येईना. वहिनीने नळावरचा हात काढला नाही.

"पाहा," ती मोटरच्या आवाजावरून मोठ्याने म्हणाली. "सोडून नाही राह्यले."

मी बटणावर हात ठेवला.

"थांबा, भाऊजी."

मी थांबलो. किती वेळ, ते सांगता येत नाही. एरवी अशा वेळी घड्याळ पाहण्याची माझी सवय आहे, तेव्हा पाहिलं नाही. वहिनी टाकीकडे पाहत होती. तिच्या पदराचं टोक नळातून येणाऱ्या हवेने सारखं हलत होतं. बाहेर हॉटेलसमोरची माणसं वाकून आत बघू लागली होती.

"करा," ती म्हणाली.

मी बटण दाबलं. मोटर थांबली. मोटरचा पट्टा थोडा उलटा फिरून स्थिर झाला. हवा मात्र जात राहिली. आवाज बारीक होत गेला, मग फक्त ओठ किंचित उघडे ठेवून श्वास सोडावा एवढा राहिला, मग तोही गेला. वहिनीने नळ उघडाच ठेवला. बादली उचलली, नालीत रिकामी केली, हात धुतले.

"आता पोरायले भेव नाही न?"

"नाही."

मोटर आणि पट्टा काढून ठेवले. टाकी मी छोट्या टेम्पोत घालून अमरावतीला आणली.

आतलं तेल जावं म्हणून ती सोड्याच्या गरम पाण्याने कितीदा तरी धुतली. वास कमी झाला, गेला नाही. ग्राइंडरने तिचं एक गोल तोंड हातभर पत्र्यासकट कापून वेगळं केलं, तेव्हा आत पाहता आलं. आतल्या बाजूला पाण्याच्या रेषा होत्या, विहिरीच्या भिंतीवर असतात तशा. तळाशी एका ठिकाणी पत्रा इतका झिजला होता की पेचकसाचं टोक दाबल्यावर आरपार गेलं. त्या भोकाचा फोटो काढून मी वहिनीला फोनवर पाठवला. 

छोट्या टाक्यांपेक्षा हिचा पत्रा जाड होता आणि आवाज खोल आला. मी आठ जिभा कापल्या. सात सुरात बसल्या. एक बसेना. थोडी कापली की सूर नको तितका खाली जायचा, न कापता वजनासाठी चुंबक लावून पाहिलं तर भरडा आवाज द्यायची. शेवटी ती तशीच ठेवली. पत्रा घासून, गंज चढू नये म्हणून त्यावर खाण्याचं तेल लावून भाजला. भावाने पूर्वी कधी तरी दिलेला हिरवा रंग त्या तोंडावरून पूर्ण निघाला. खाली काळसर, सामान्य लोखंड होतं.

ते वाद्य घेऊन मी अकोल्याला गेलो. वहिनीने ते मांडीवर घेतलं नाही, खाटेवर ठेवायला सांगितलं. रबरी टोकाची काडी तिच्या हातात दिली. तिने एका जिभेवर हलकेच मारलं. सूर बराच वेळ टिकला. तिने तो पूर्ण संपू दिला. मग दुसरी, मग तिसरी. त्या न बसलेल्या जिभेवर मारलं आणि मान तिरकी करून ऐकलं.

"चांगलं केलं," ती म्हणाली. "मेहनत दिसते."

"ठेवून घ्या, वहिनी."

तिने काडी वाद्यावर आडवी ठेवली.

"याले वाजवा लागते, भाऊजी," ती म्हणाली. "त्याले नाही वाजवा लागे."

  जेवून मी वाद्य परत घेऊन आलो.

ते आता माझ्या अमरावतीच्या खोलीत, खिडकीखाली आहे. मी ते फारसं वाजवत नाही. दुपारभर त्यावर ऊन असतं आणि संध्याकाळी लोखंड निवताना त्यातून कधी कधी टक् असा आवाज येतो. एकदा, कधी लागोपाठ दोनदा. धातू तापला की फुगतो, निवला की आकसतो. हे मला माहीत आहे आणि भावालाही माहीत होतं. तरी प्रत्येक वेळी हातातलं काम थांबतं आणि मी तिकडे पाहतो. बायको म्हणते, ते दुसऱ्या खोलीत ठेवा. मी ठेवलेलं नाही.

अकोल्यात रात्री कशा जातात, असं मी वहिनीला फोनवर विचारायचो. ती म्हणायची, जातात. एकदा म्हणाली, भिंतीकडे डोकं करून झोपत होती, आता खाट फिरवली. पुतण्या तिला चाकणला चल म्हणत होता. ती नाही म्हणाली. मग तिने स्वतःच त्याला सांगितलं, दुकान दे भाड्यानं.

दर्यापूरकडच्या एका टायरवाल्याने ते घेतलं. त्याने आपला कॉम्प्रेसर आणला. निळा, नवा, चाकांवर सरकणारा. भिंतीवरचं बटण तिथेच असल्यामुळे तोही त्याच भिंतीला लागला. हे कळलं तेव्हा मी त्याला टाकी दुसऱ्या बाजूला हलवायला सांगणार होतो आणि त्यासाठीच गेलो. वहिनीशी बोलण्याआधी त्याला गाठलं.

"हलवतो न, काका," तो म्हणाला. "पण काकूची काही तक्रार नाही. एकच सांगते, शटर लावाच्या आंधी बटण बंद करून जात जा. पयल्याच दिवशी मी इसरलो होतो. सकायी आलो तं बटण बंद."

मी मागच्या खोलीत गेलो. वहिनी मेथी निवडत बसली होती. बटणाचं विचारलं.

"इसरला होता तो," ती म्हणाली. "मी सांजच्या भाकरी टाकत होतो. सुरू झालं भिंतीमागं. तवा उतरवला अन् मधल्या दारानं दुकानात गेली."

"घाबरलात का?"

"घाबराचं काय त्यात?" तिने मेथीची एक काडी मोडली. "उभी राह्यली तिथं. शटर खाली, अंधार. ते चालून राह्यलं होतं. तसाच आवाज, भाऊजी. जराही फरक नाही. पट्टा तसाच, धडधड तशीच, शेवटी फुस्स बी तसंच."

ती थांबली. पानं एका बाजूला केली, काड्या दुसऱ्या बाजूला.

"कोणाचंबी मशीन असंच वाजते," ती म्हणाली. "म्हणून बंद केलं."